पोटात पाय आणि अंगावर पैठणीचे रंग : समुद्रातल्या बिनशंखी गोगलगायी कशा शोधायच्या?

मराठवाड्यात ‘गोगलगाय’ म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि कित्येकांना पुन्हा पेरणी करावी लागली. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या माणसाने ‘गोगलगाय बघायला मालवणला चाललोय’ असं सांगितलं, तर घरचे आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघतील. सहाशे किलोमीटर प्रवास करायचा, पाठीवर हवेची टाकी बांधायची, समुद्रात उतरायचं, आणि बघायचं काय, तर गोगलगाय!

पण जगभरात असे हजारो डायव्हर आहेत, जे शार्क आणि कासवं सोडून खडकाच्या एका कोपऱ्यात अर्धा अर्धा तास नाक खुपसून असतात. त्यांना हवी असते ती नखाएवढी, गडद जांभळी, काठाला पिवळी रेघ असलेली बिनशंखी समुद्री गोगलगाय. एकदा ती दिसली की हा नाद सुटत नाही, असं ते सांगतात. तो नाद काय आहे आणि महाराष्ट्रातल्या माणसाला तो कुठे आणि कसा करता येईल, ते बघू.

ही गोगलगायच, फक्त शंख टाकून दिलेली

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब आणि आतून बेरकी माणसासाठी वापरतो. गंमत अशी की प्राणिशास्त्रातलं नावही हेच सांगतं. गोगलगायींच्या वर्गाला गॅस्ट्रोपोडा म्हणतात. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट आणि पोड म्हणजे पाय. पोटाखालचा सपाट स्नायू हाच यांचा पाय.

समुद्री गोगलगायी याच वर्गातल्या. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला इवलासा शंख असतो. मोठं होताना बहुतेक जाती तो टाकून देतात. काहींमध्ये त्याचा एखादा पातळ तुकडा अंगाच्या आत शिल्लक राहतो. यातला सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत रंगीत गट म्हणजे न्युडिब्रँक. नावाचा अर्थ ‘उघडे कल्ले’. या गटाच्या सुमारे तीन हजार जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

डायव्हरला न्युडिब्रँकची दोन मुख्य घराणी ओळखता आली तरी पुष्कळ झालं. पहिलं डोरिड. यांच्या पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचा फुलासारखा तुरा असतो. जवळ सावली पडली की तो पटकन आत ओढला जातो. दुसरं एओलिड. यांच्या पाठीवर बोटांसारख्या मऊ पाकळ्यांच्या रांगाच रांगा असतात. त्यांना सेराटा म्हणतात. दोन्ही घराण्यांच्या डोक्यावर दोन शिंगं दिसतात. ती शिंगं नव्हेत, नाक आहे. रायनोफोर नावाचे हे अवयव पाण्यातले वास टिपतात. त्यावरच या प्राण्याचा सगळा संसार चालतो, कारण त्याच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार यापलीकडे फारसं काही कळत नाही. म्हणजे ज्या रंगांसाठी माणसं समुद्रात उतरतात, ते रंग त्या बिचारीला स्वतःला कधीच दिसत नाहीत.

मग हे रंग कोणासाठी?

माशांसाठी. आणि इथे म्हणीतला बेरकीपणा खरा ठरतो.

शंख टाकल्यावर हा मऊ, संथ जीव म्हणजे माशांना आयता घास. त्यावर या प्राण्यांनी काढलेला उपाय म्हणजे चोरी. अनेक डोरिड गोगलगायी स्पंज खातात. स्पंज जागचा हलू शकत नाही, म्हणून स्वतःच्या बचावासाठी अंगात कडू आणि विषारी रसायनं बाळगतो. गोगलगाय ती रसायनं पचवत बसत नाही, थेट स्वतःच्या कातडीत साठवते. एखाद्या माशाने एकदा तोंड लावलं की तो घास थुंकतो आणि तो भडक रंग लक्षात ठेवतो. लाल सिग्नलसारखाच हा प्रकार. एकाच भागातल्या वेगवेगळ्या जाती पुष्कळदा एकसारखे रंग धारण करतात. एकीमुळे शिकलेला धडा मासा दुसरीलाही लागू करतो.

एओलिडांची चोरी याहून धाडसी. त्या हायड्रॉइड आणि समुद्रफुलं खातात. जेलीफिशच्या या नातेवाईकांच्या अंगात सूक्ष्म दंशपेशी असतात. स्पर्श होताच त्यांतून स्प्रिंगसारखी विषारी सुई सुटते. एओलिडच्या तोंडाला आणि अन्ननलिकेला चिवट अस्तर असतं, वरून चिकट द्रव असतो. त्यामुळे सुटलेल्या सुयांचा तिला त्रास होत नाही. ज्या दंशपेशी अजून पिकलेल्या नसतात, त्या न फुटता पोटातून पुढे सरकत सेराटाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथे पिकतात. मग मासा चावायला आला की शेजाऱ्याकडून आणलेली हत्यारं त्याच्याच तोंडात सुटतात.

तिसरी चोरी तर झाडाच्या दुकानातली. एलिशिया वंशातल्या हिरव्या गोगलगायी शेवाळाचा रस शोषतात आणि त्यातले हरितकण जिवंत ठेवून स्वतःच्या अंगात पसरवतात. दिसायला पानच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिशिया क्लोरोटिका हे हरितकण कित्येक महिने बाळगते. त्यांचा तिला नेमका किती उपयोग होतो, यावर शास्त्रज्ञांचे अजून वाद चालू आहेत. याच वंशातल्या एका गोगलगायीने २०२१ मध्ये जपानी संशोधकांना चक्रावून सोडलं. तिने स्वतःची मान स्वतःच तोडली. धड मागे पडलं, डोकं शेवाळ खात फिरत राहिलं आणि तीनेक आठवड्यांत त्याला हृदयासकट नवं धड फुटलं. राहूची गोष्ट ऐकून वाढलेल्या आपल्याला हे कदाचित इतरांपेक्षा लवकर पटेल!

या चोरीच्या मालाचा माणसालाही उपयोग झाला आहे. समुद्री ससा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोलाबेला ऑरिक्युलारिया या मोठ्या, मातकट गोगलगायीत डोलास्टॅटिन नावाची रसायनं सापडली. पुढे कळलं की ती मुळात तिच्या खाण्यातल्या सायनोबॅक्टेरियांची आहेत. त्यातल्या एका रसायनाच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेला घटक ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या औषधात आहे. हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगावर ते २०११ पासून वापरलं जातं. दुसरा समुद्री ससा अप्लिसिया. त्याच्या मेंदूत जेमतेम वीस हजार मज्जापेशी असतात, पण त्या चांगल्या मोठ्या आणि एकेक ओळखता येण्याजोग्या. त्यावर काम करून एरिक कँडल यांनी स्मरणशक्ती पेशींच्या पातळीवर कशी घडते ते दाखवलं आणि २००० सालच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

पाण्यात शोधायची कशी?

पहिली गोष्ट, पोहायचं नाही. म्हणजे अंतर कापायचं नाही. एका डाइव्हमध्ये आख्खा खडक फिरून आलेल्याला काही दिसत नाही आणि दहा फुटांच्या भिंतीसमोर अर्धा तास काढणाऱ्याला चार जाती दिसतात. बहुतेक गोगलगायी अर्ध्या सेंटिमीटरपासून चार-पाच सेंटिमीटरपर्यंतच्या असतात. शेंगदाणा शोधायला निघालोय, असं मनाशी धरून चला.

दुसरी गोष्ट, गोगलगाय शोधू नका, तिचं ताट शोधा. स्पंजाचा रंगीत थर दिसला की त्यावर आणि त्याच्या कडेला डोरिड बघायची. पिसासारखी किंवा झुडपासारखी हायड्रॉइडची वाढ दिसली की तिच्या फांद्यांवर एओलिड. हिरव्या शेवाळावर एलिशिया. यातल्या अनेक जातींचा आहार इतका ठरलेला असतो की एका जातीचं जगणं एक-दोन प्रकारच्या स्पंजांवर अवलंबून असतं. म्हणूनच त्यांना मत्स्यपेटीत ठेवणं म्हणजे उपाशी मारणं. दुकानात कोणी रंगीत ‘सी स्लग’ विकत असेल तर ती घेऊ नका, ती बहुधा काही आठवड्यांचीच सोबती असते.

तिसरी खूण अंड्यांची. खडकावर पांढरी, गुलाबी किंवा पिवळी फीत गोल गोल गुंडाळून, उभी चिकटवलेली दिसली, जणू कुणी कागदाचं गुलाब केलंय, तर ती गोगलगायीची अंडी. घालणारी बऱ्याचदा आसपासच असते. सगळ्या जणी एकाच वेळी नर आणि मादी असतात, त्यामुळे दोघी भेटल्या की दोघीही अंडी घालू शकतात. चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढणारी लालभडक स्पॅनिश डान्सर तर आपल्या अंड्यांचा मोठा गुलाबच खडकावर ठेवून जाते. ती रात्री बाहेर पडते आणि गरज पडली की अंगाचा घेर लाटेसारखा हलवत चक्क पोहते.

चौथं म्हणजे टॉर्च, दिवसासुद्धा. पाणी लाल रंग आधी शोषून घेतं. काही मीटर खाली गेलं की लाल गोगलगाय मळकट तपकिरी दिसते आणि नजर तिच्यावरून सरळ घसरते. टॉर्चचा झोत टाकला की रंग एकदम परत येतो. पहिल्यांदा हे बघताना तोंडातलं रेग्युलेटर सुटायची वेळ येते, ते तेवढं दातांत घट्ट धरा.

फसवणूकही होते. सर्वांत जास्त फसवतात चपटकृमी. तेही तसेच भडक, पण कागदासारखे पातळ. त्यांच्या पाठीवर कल्ल्यांचा तुरा नसतो, आणि डोक्यावरची शिंगं म्हणजे अंगाची कडाच दुमडलेली असते. शिवाय ते भराभर सरकतात. गोगलगाय तुम्हाला फोटो काढू देते, चपटकृमी घाईत असतो.

आणि तोल. पाण्यात स्थिर तरंगता येत नसेल तर माणूस नकळत खडकाला हात लावतो, फिन आपटतो आणि शेकडो वर्षांची प्रवाळाची वाढ एका लाथेत मोडते. नवशिक्या डायव्हरने गोगलगायीच्या मागे लागण्यातला खरा धोका हाच आहे. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. दगड उलटून बघणं, गोगलगाय उचलून ‘चांगल्या बॅकग्राउंडवर’ ठेवणं, हे तर अजिबात नको. उचलून दुसरीकडे ठेवलेली गोगलगाय पुष्कळदा तिच्या अन्नापासून कायमची तुटते.

जायचं कुठे?

मालवणचा सागरी अभयारण्याचा भाग १९८७ मध्ये घोषित झाला. क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे स्कुबा करवतात, त्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून थोड्या खोलीवर नेतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो आणि वर आणतो. अनुभव म्हणून छान, पण गोगलगायीसाठी तो अपुरा. वेळ थोडा, हात-पाय दुसऱ्याच्या ताब्यात आणि पाणी अनेकदा गढूळ. स्पष्टच सांगायचं तर पहिल्याच डाइव्हमध्ये गोगलगाय दिसली तर ते नशीब समजा.

खरोखर नाद करायचा असेल तर ओपन वॉटर कोर्स करावा. तीन-चार दिवस लागतात आणि १८ मीटरपर्यंत जाण्याचा परवाना मिळतो. तारकर्लीत एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं आलं पाहिजे. गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना हे जड जाऊ नये. दमा, कानाचा जुना त्रास, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर, मग समुद्र. फॉर्मवर ‘नाही’ची खूण करून मोकळं होऊ नका.

त्यानंतर गोव्याचं ग्रांडे बेट, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी आणि पैसे साठवले असतील तर अंदमानचं स्वराज द्वीप किंवा लक्षद्वीप. स्वच्छ पाण्यात काळ्या अंगावर गाठीगाठींची नक्षी असलेली फिलिडिया जातीतली गोगलगाय दिवसाउजेडी उघड्यावर बसलेली दिसते. तिला लपायची गरजच नाही, इतकी ती विषारी. लक्षद्वीपला जायचं तर फार लांबणीवर टाकू नका, असंही सांगावंसं वाटतं. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ च्या उष्ण पाण्याच्या तडाख्यांत तिथले प्रवाळ पांढरे पडले. १९९८ पासूनच्या निरीक्षणांत जिवंत प्रवाळाचं आच्छादन निम्म्याच्या आसपास घटलेलं आढळलं आहे. प्रवाळ आणि स्पंज गेले की त्यांच्यावर जगणारी गोगलगाय आपोआप गेली.

आता आपल्याकडच्या, म्हणजे पठारावरच्या माणसांसाठी खास एक गोष्ट. पाण्याखाली दाबाखालची हवा घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. त्याआधीच हवेचा दाब कमी असलेल्या उंचीवर गेलो तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून विमान प्रवासाआधी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं असतं. हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते घाटाचं. ही मार्गदर्शक तत्त्वं सुमारे ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात, आणि आंबोली आहे साधारण ६९० मीटरवर. संभाजीनगर स्वतः ५७० मीटरच्या आसपास. उथळ पाण्यातल्या वीस मिनिटांच्या डाइव्हने सहसा काही होत नाही. पण कोर्स संपवून, दिवसभरात तीन-चार डाइव्ह मारून, त्याच संध्याकाळी गाडी घाटाला लावायची नाही. ‘सोमवारी ऑफिस आहे’ हे कारण नायट्रोजनला कळत नाही. एक मुक्काम वाढवा, सोलकढी प्या.

स्कुबा नको असेल तर

खरं तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर गोगलगायी बघण्याचा सर्वांत चांगला मार्ग गुडघाभर पाण्यातला आहे. ओहोटीला खडकांत साचलेली डबकी. मुंबईच्या किनाऱ्याचे काळे खडक म्हणजे दख्खनचा बसाल्ट, ज्यात आपली वेरूळची लेणी कोरली आहेत तोच. त्याच्या खाचांत स्पंज आणि हायड्रॉइड वाढतात आणि त्यांच्यामागे गोगलगायी येतात. हाजी अली, कार्टर रोड, जुहू अशा ठिकाणी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा २०१७ मध्ये सुरू झालेला गट लोकांना ओहोटीत फिरवून हे जीव दाखवतो. कोस्टल रोडसाठी यातल्या काही किनाऱ्यावर भराव पडला, तेव्हा अनेक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की त्या खडकांवर काही राहत होतं.

ओहोटीची वेळ काढायला कोकणात जुना हिशेब आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. जितके तास येतील, त्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात सगळ्यात खाली उतरलेलं पाणी पहाटे आणि संध्याकाळी मिळतं. जाण्याआधी अधिकृत भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच, आणि पाणी वळलं की मागे फिरा. चपला जाड तळाच्या हव्यात, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

एक इशारा. पाण्यावर तरंगणारी, निळी-रुपेरी ‘ब्लू ड्रॅगन’ गोगलगाय वादळानंतर किनाऱ्यावर येऊन पडते. २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळानंतर चेन्नईत ती दिसली होती. ती निळ्या विषारी पोर्तुगीज मॅन ऑफ वॉरला खाते आणि त्याच्याच दंशपेशी साठवते. तळहातावर घेऊन फोटो काढायला ती फार सुंदर दिसते. घेऊ नका.

तुमच्या फोटोची कोणाला गरज आहे?

मुंबईच्या नावाने एक गोगलगाय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं? गोनिओब्रँकस बॉम्बेयानस. १९४६ मध्ये विंकवर्थ यांनी तिचं वर्णन केलं. त्यानंतर आपल्या किनाऱ्यावरच्या या जिवांकडे फार थोड्यांनी बघितलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीपक आपटे यांनी लक्षद्वीपपासून कोकणापर्यंत अनेक वर्षं हे काम केलं. २०२० मध्ये पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरून क्रेटेना वंशातल्या दोन नव्या एओलिड जाती जाहीर झाल्या. एकीचं नाव गुजरातेतल्या पोशित्रावरून, तर दुसरीचं पवारशिंदेओरम. नावात चक्क पवार आणि शिंदे! २०२४ मध्ये बंगाल-ओडिशाच्या ओल्या वाळूत सापडलेल्या सात मिलिमीटरच्या एका काळपट गोगलगायीला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांचं नाव मिळालं, मेलानोक्लॅमिस द्रौपदी. म्हणजे नव्या जाती अजून सापडतायत, आणि त्यासाठी खोल समुद्रात जावं लागतंच असं नाही.

तुम्हाला काही दिसलं तर आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी फोटो टाका. तारीख, ठिकाण, अंदाजे खोली किंवा ओहोटीची वेळ लिहा. एक फोटो वरून घ्या, एक बाजूने, आणि एक डोक्याकडून, रायनोफोर नीट दिसतील असा. मापासाठी हात ठेवण्याऐवजी शेजारचा एखादा ओळखीचा शंख फ्रेममध्ये घ्या. आणि ती ज्यावर बसली आहे तो स्पंज किंवा ते झुडूप कापून टाकू नका, तेही फोटोत येऊ द्या. जात ओळखणारा माणूस बऱ्याचदा आधी तिचं ताट बघतो आणि मग तिच्याकडे.